नऊ दिवस बंद राहिलेल्या गोळ्या

आजारपण माणसाला शहाणं करतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. सांगणारे सगळे धडधाकट होते. मला आजारानं शहाणं केलं नाही, चिडकं केलं. नऊ वर्षांची असताना जो राग आला तो आज एकविसाव्या वर्षीही पुरता गेलेला नाही, आणि लिहिताना तो झाकायचा नाही असं मी ठरवलंय. ज्यांना गोड गोड वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं.

लिहायचं कारण एवढंच, की मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन माझ्याकडं आली. मुलीची दोन्ही मनगटं सुजलेली. डॉक्टरांनी माझ्याच आजाराचं नाव सांगितलं होतं. "ताई, तुम्ही कसं काढलं ते सांगा," बाई म्हणाली. मी चहा केला, मुलीला बिस्कीट दिलं, पण धड काही सांगता आलं नाही. जे सांगायचं होतं त्यात माझी माय होती, आणि माय तिथंच कोपऱ्यात बसून बॉबिन भरत होती.

*

आम्ही सुरतेत नवागामला राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कापड गिरणीत लूमवर. मायबाप दोघंही जळगावकडचे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, असं आमचं चालायचं. अण्णांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले सगळे देव तापीत सोडले. मायनं ते स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून दिले होते. अण्णा ही गोष्ट पाहुण्यांना फार अभिमानानं सांगायचे. माय तेव्हा चुलीकडं तोंड करून बसलेली असायची.

माझं दुखणं सुरू झालं ते सकाळचं. झोपेतून उठलं की गुडघे आणि घोटे आखडलेले. संडासला बसलं तर उठता येईना. भिंतीला धरून, रडत, मायला हाका मारत उठायचं. दहा-अकरा वाजेपर्यंत अंग मोकळं व्हायचं आणि दुपारी मी इतर पोरींबरोबर लंगडी खेळायची. संध्याकाळी ताप चढायचा. तापाबरोबर छातीवर, मांड्यांवर गुलाबी ठिपके उमटायचे. सकाळी ताप नाही, ठिपकेही नाहीत.

असलं दुखणं कोण खरं मानणार? शाळेतल्या गुरुजींनी तर जाहीरच केलं, "ही विमल सकाळी लंगडी, दुपारी हरीण. नाटकात घ्या तिला." सगळा वर्ग हसला. मग त्यांनी मला अंगठे धरून उभं राहायला सांगितलं. मला वाकताच येईना. त्यांना वाटलं मी हट्ट करते, म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवून मला खाली दाबलं. ते दुखणं मी विसरलेय, पण तो हसणारा वर्ग विसरले नाही. गुरुजी आता म्हातारे झालेत, रस्त्यात भेटले की प्रेमानं चौकशी करतात. मी नमस्कार करत नाही.

नाक्यावरच्या डॉक्टरनं वर्षभर ताकदीची औषधं दिली. एकदा मायनं सुजलेला गुडघा दाखवला तर तो हसून म्हणाला, "आटली नानी छोकरीने वा थाय?" एवढ्याशा पोरीला संधिवात होतो का, म्हणे. होतो. मला झाला होता.

*

शेवटी अण्णांनी मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं आठ दिवस माझं रक्त काढत होते, हाडांचे फोटो काढत होते. आजाराचं निदान झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. मोठे डॉक्टर आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन आले. माझा फ्रॉक कुणाला न विचारता वर केला, ठिपके दाखवले, गुडघा वाकवून दाखवला. मी ओरडले तेव्हा त्यांनी आवाज चढवून बोलणं चालू ठेवलं. अर्धा तास इंग्रजीत माझ्याबद्दल बोलले आणि माझ्याशी एक शब्द नाही. जाताना अण्णांना म्हणाले, "सांधानो सोजो छे. लांबु चालशे. गोळी चालु राखजो."

बस. एवढंच. सांध्यांना सूज आहे, पुष्कळ दिवस चालेल, गोळी चालू ठेवा. या तीन वाक्यांवर त्यांनी एका घराची बोळवण केली. हा राग मी आजही सोडायला तयार नाही.

बाकीचं समजावलं ते एका सिस्टरनं. अमळनेरची होती. ती म्हणाली, "आपल्या अंगात रोगाला हाकलणारी शक्ती असते. तुमच्या पोरीची ती शक्ती बिथरलीय. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागलं तर काय होईल, तसं झालंय. गोळ्यांनी ते शांत राहतं." अण्णांना ते पटलं नाही. त्यांच्या मते रोग बाहेरून येतो, घाणीतून येतो, आणि आमचं घर तर स्वच्छ होतं. मला मात्र लगेच पटलं. मला वाटलं, म्हणजे माझ्याच अंगानं माझा घात केला. ज्याच्यावर रागवायचं ते आतच बसलंय.

वॉर्डात सकाळी पाचला थर्मामीटर, सहाला मूठभर अ‍ॅस्पिरिन. त्या गोळ्यांनी दिवसभर कानात घंटा वाजायच्या. त्यांनी भागेना म्हणून बारीक पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी जादू केली, हे कबूल करते. चौथ्या दिवशी मी कुणाला न धरता उठून बसले. मग तोंड सुजून भाकरीएवढं झालं, गालांवर लव आली, आणि भूक अशी की शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या ताटातलं मी चोरून खायची.

एक बाई तिथं चांगली होती. झाडलोट करणारी, सगळे तिला मासी म्हणायचे. डॉक्टर यायच्या आधी ती गरम पाण्यात फडकी पिळून माझ्या दोन्ही गुडघ्यांना गुंडाळायची आणि म्हणायची, "बस बेटा, हमणां छूटी जशे." आत्ता सुटेल. आणि खरंच सांधे सुटायचे. तिला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. मायनं ते बघून घेतलं.

*

घरी आल्यावर आठ महिने बरे गेले. पांढऱ्या गोळ्या चालू होत्या, थोड्या कमी केल्या होत्या. त्याच सुमारास वस्तीत देवीची साथ आली. मागच्या गल्लीत दोन लेकरं गेली. टोचणारे दारोदार फिरू लागले आणि बाया पोरांना गोधड्यांखाली लपवू लागल्या.

अण्णा तेव्हा घरी नव्हते. गावाकडं विहार बांधत होते, त्याच्या श्रमदानाला रजा टाकून गेले होते. आणि नेमका एका संध्याकाळी मला ताप चढला, अंगावर ठिपके उठले.

मी मायला सांगितलं की हे माझं नेहमीचंच आहे. पण मायच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. माझ्याआधी तिला एक मुलगा होता. गावी त्याला देवी आली तेव्हा कुणीतरी घाईघाईनं सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तो देवीनंच गेला असणार. पण मायच्या मनात पक्कं बसलं होतं की अंगात माता असताना औषध दिलं म्हणून ती कोपली. जुन्या रिवाजात माता आली की औषध बंद, फोडणी बंद, केस विंचरणं बंद, दाराला लिंबाचा डहाळा, आणि माता आपणहून जाईपर्यंत वाट बघायची.

शेजारची काशीमाय आली, लांबूनच बघून म्हणाली, "माता उनी शे वं. गोया बंद कर."

"तेसनी बंद नका करू सांगेल शे," माय म्हणाली. त्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी.

"डाक्टरले काय माहीत माताबद्दल? एक पोऱ्या घालाडा ना तू?"

एक पोरगा घालवलास ना. याच्यापुढं कोणती बाई टिकेल? मायनं गोळ्यांचा डबा पिठाच्या कोठीमागं सरकवला. दाराला डहाळा लागला. माझ्या अंगाखाली लिंबाचा पाला आला. आणि गंमत अशी की सकाळी ठिपके गेलेले असायचे. माय हात जोडायची. संध्याकाळी ते पुन्हा उठायचे, तेव्हा तिला वाटायचं आपलंच काही चुकलं. मग ती आणखी कडक पाळायची. माझा आजार आणि तिचा रिवाज एकमेकांच्या मापाचे शिवल्यागत बसले.

मी मागितल्या गोळ्या. पुन्हा पुन्हा मागितल्या. हे मी लिहून ठेवते, कारण पुढं बरीच वर्षं मी तिला तेच ऐकवलं. चौथ्या दिवसापासून सांधे सुजायला लागले, सगळेच, जबड्यासकट. सातव्या दिवशी उलट्या. मी गुडघे पोटाशी घेऊन पडले, कारण तसंच कमी दुखायचं. नवव्या दिवशी मला समोरचं दिसेनासं झालं. मायचा आवाज येत होता, पण मान हलवायची ताकद नव्हती.

त्याच दुपारी अण्णा आले. दाराला डहाळा बघितला आणि तिथंच पेटले. "दीक्षा घेतलेल्या घरात हे? माझ्या घरात?" डहाळा ओरबाडून काढला, फेकला, शेजारपाजार गोळा होईपर्यंत मायला बोलत राहिले. मी आत पडलेली. मायच ओरडली, "पोर मरी राहिनी, तिले तं देखा!" तेव्हा ते आत आले.

माणूस म्हणून माझे वडील फार चांगले आहेत. त्यांचे विचार मला पटतात, मीही तेच मानते. पण त्या दिवशी त्यांनी आधी डहाळा बघितला आणि मग मला. त्या मधल्या वेळाबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही आहे.

*

दवाखान्यात सलाईन लावलं. जीव वाचला. तेच मोठे डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर मायवर खेकसले. "छोकरीने मारी नाखवी हती? गोळी बंध कोणे करी?" पोरीला मारून टाकायचं होतं का, गोळी कुणी बंद केली?

माय कधी परक्या पुरुषासमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली. पदर तोंडाशी धरून, आपल्या अहिराणीतच. "मीच बंद करी. पण बंद करी तं पोर मरी जाई, हाई माले कोन सांगं?" बंद केली तर पोर मरेल हे मला कुणी सांगितलं?

डॉक्टरांना ते कळलं की नाही कोण जाणे. ते पुढच्या खाटेकडं गेले. मला मात्र तेव्हाही कळलं होतं की तिचं खरं आहे. या गोळ्या एकदम बंद केल्या तर अंग कोसळतं, त्या हळूहळूच उतरवायच्या असतात. हे सांगायला किती वेळ लागतो? माझ्या आजाराबद्दल इंग्रजीत बोलायला त्यांच्याकडं अर्धा तास होता. म्हणून ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. डॉक्टर उठून चालायला लागले तरी त्यांच्या वाटेत उभं राहा आणि विचारा, ही गोळी एक दिवस चुकली तर काय होईल? दहा दिवस चुकली तर? पुरळ आलं तर द्यायची का? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि आईला विचारू द्या. गोळी तीच देते.

तीन महिने मी तिथं होते. बाकीचे सांधे हळूहळू सुटले. उजवा गुडघा सरळ झाला. डावा वाकडाच राहिला. मी पुन्हा चालेन का, हे मला कुणी सांगेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "रोज सकाळी गरम फडकी, मग वीस वेळा दाबून सरळ करायचा. रडली तरी थांबायचं नाही. सोडून दिलं तर ही आयुष्यभर बसून राहील." हे त्यांनी मायला सांगितलं. मराठीत आणि नीट सांगितलं.

*

पुढची चार वर्षं आमच्या खोलीत रोज सकाळी काय चालायचं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. माय फडकी पिळायची, गुडघ्याला गुंडाळायची, मग माझ्या मांडीवर एक हात आणि नडगीवर एक हात ठेवून दाबायची. मी किंचाळायची. शिव्या द्यायची. दहा-बारा वर्षांच्या मुलीनं आईला देऊ नयेत अशा. "तू वाकडा केलास, आता तूच सरळ कर!" हे माझं रोजचं वाक्य. "नऊ दिवस लिंबाचा पाला घातलास ना, घाल आता!" ती नुसते आकडे मोजायची. मी फार बोलले की अठरानंतर एकोणीस म्हणायच्याऐवजी पुन्हा अकरापासून सुरू करायची. मग मी संतापून स्वतःच पाय ताणायची, लवकर संपावं म्हणून.

अण्णा तेवढ्या वेळात बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांना बघवत नसे, म्हणे. मायला बघवत होतं का, हे कुणी विचारलं नाही.

भिंतीला धरून उभी राहिले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नळावर चालत गेले तेव्हा बारा. चौदाव्या वर्षी ताप यायचा बंद झाला, पंधराव्या वर्षी शेवटची गोळी सुटली. आतलं ते बिथरलेलं हळूहळू थकलं असावं. डावा गुडघा अजून पुरता सरळ होत नाही, मी लंगडते, जिने चढताना कठडा लागतो. पण चालते. शाळा पुरी केली, आता बालवाडीत शिकवते. लग्नाचं विचारायला येणाऱ्या बायका आधी माझ्या पायाकडं बघतात. मी त्यांना तिथूनच परत पाठवते.

*

आता जे मला त्या बाईला मायसमोर सांगता आलं नाही ते.

गेल्या वर्षी गुडघा दुखायला लागला म्हणून मी त्याच दवाखान्यात गेले. या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी घरातले सगळे जुने फोटो पिशवीत घालून नेले होते. त्यांनी ते उजेडाला धरून एकेक करून बघितले आणि मला बोलावून दाखवले. माझ्याशी बोलल्या, समोर बसवून. म्हणाल्या, "हा अगदी पहिला फोटो. गोळ्या सुरू करायच्याही आधीचा. डावा सांधा तेव्हाच खराब झालेला दिसतोय."

मी विचारलं, "मधे नऊ दिवस गोळ्या बंद होत्या, त्यानं नाही झालं हे?"

"त्यानं तुमचा जीव गेला असता. ते वाईटच झालं. पण हा गुडघा नाही गेला त्यानं. तो त्याआधीच्या वर्षभरात गेला, औषधाविना." फोटो खाली ठेवून म्हणाल्या, "चार वर्षं रोज व्यायाम कुणी करून घेतला? तो झाला नसता तर तुम्ही आज चालत आला नसता."

मी घरी आले आणि मायला काहीच सांगितलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा महिने सांगितलं नाही. का, ते खरं लिहिते. तिला सोडलं तर मग मी कुणावर रागवायचं? नाक्यावरचा डॉक्टर मेला होता. मोठे डॉक्टर बदलून गेले होते. स्वतःच्या रक्तावर किती रागवणार? माय हाताशी होती, रोजची होती, आणि उलटून बोलत नव्हती. मी तिला दोषी ठेवलं कारण ते सोयीचं होतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी सहा महिने गप्प राहिले.

त्या दिवशी सुजलेल्या मनगटांची मुलगी आणि तिची आई निघून गेल्या. माय अजून बॉबिनच भरत होती. मला एकदम राहवेना. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पहिला फोटो, डॉक्टरीणबाई, सहा महिने लपवलं तेही. म्हटलं, "माय, मना गुडघा तुनामुये नही गया."

तिनं मान वर केली नाही. "माले माहीत शे," ती म्हणाली.

"काय माहीत शे?"

"त्या व्यायामवाल्या बाईनी माले तव्हयच फोटो दखाडा व्हता. हाऊ पहिलेच बिघडेल शे, तुमनं काई चुकनं नही, आसं बोलनी ती."

दहा वर्षं. त्यातली पहिली चार रोज सकाळी शिव्या खात ती आकडे मोजत होती, आणि तिला माहीत होतं. मी ओरडलेच, "मंग सांगं का बरं नही माले?"

"समजाडी सांगं का तू रडत बसे," माय शांतपणे म्हणाली. "राग उना का पाय लांबा करे. मी काय करतू?"

समजावलं की रडत बसायचीस, राग आला की पाय लांब करायचीस, मी काय करणार होते. एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मला इतका संताप आला की तिथं बसवेना. मी भिंत न धरता ताडकन उठले आणि तरातरा दारापर्यंत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून मागं वळले तर तिचे हात थांबले होते, आणि ती माझ्या तोंडाकडं नाही, गुडघ्याकडं बघत होती.